घाट चढताना गरम झालेली पद्मिनी बंद पडते: दोष पेट्रोलचा की कॉइलचा?

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार.

वडिलांनी १९८८ साली नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या घरी आजही आहे. १०८९ सीसीचे मूळ पेट्रोल इंजिन, मूळ डेल्को (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) आणि त्यातले जुन्या पद्धतीचे पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) असेच सगळे ठेवले आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेले नाही. वडील आता स्वतः गाडी चालवत नाहीत, पण महिन्यातून एकदा त्यांना घेऊन चिपळूणला आत्याकडे जाणे होते आणि ते याच गाडीने व्हावे अशी त्यांची इच्छा असते. माझीही असते. गेल्या वर्षभरात मात्र या प्रवासाची धास्ती वाटू लागली आहे.

सकाळी थंड गाडी थोडा चोक ओढला की पहिल्या झटक्यात सुरू होते. कराड ते पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत काहीही तक्रार नसते. परतताना पोफळी सोडून घाट चढायला लागले, की तीन-चार किलोमीटरनंतर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मिसिंग (इंजिनचे ठोके चुकणे) सुरू होते, गाडी झटके खाते, ओढ कमी होत जाते आणि शेवटी इंजिन बंद पडते. स्टार्टर व्यवस्थित फिरतो, बॅटरी उत्तम आहे, पण इंजिन पकडत नाही. वीस-पंचवीस मिनिटे थांबले, की काही झालेच नव्हते अशा रीतीने गाडी सुरू होते. सपाट रस्त्यावर ती सहसा बंद पडत नाही. एप्रिलमध्ये साताऱ्यात सिग्नलच्या गर्दीत एकदाच पडली होती.

आतापर्यंत दोन मेकॅनिकांना दाखवले. टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोल पंपाचा डायफ्राम बदलला, नवे प्लग घातले, पॉइंटचे दोन संच आणि तीन कंडेन्सर (पॉइंटवर पडणारी ठिणगी आवरणारा भाग) झाले. दोघांचेही निदान एकच, की उष्णतेने पंपात पेट्रोलची वाफ होते. त्यांच्या सांगण्यावरून मी घाटात पंपावर ओले फडके ठेवतो, आणि खरोखरच वीस मिनिटांनी गाडी सुरू होते, म्हणून मलाही ते पटले होते. परंतु दोन गोष्टी मनातून जात नाहीत. पहिली अशी, की पॉइंट हजार-बाराशे किलोमीटरमध्ये जळून काळे पडतात; वडिलांच्या काळात एक संच सहज आठ-दहा हजार किलोमीटर जात असे. दुसरी अशी, की गाडी बंद पडते तेव्हा कॉइलला (बॅटरीच्या करंटपासून ठिणगीचे मोठे व्होल्टेज तयार करणाऱ्या डब्याला) हात लावून ठेवता येत नाही, इतकी ती तापलेली असते. कॉइल दोन वर्षांपूर्वी प्रवासात एका वर्कशॉपमध्ये नवी बसवून घेतली होती, त्यामुळे 'ती नवीच आहे आणि कॉइल गरम होतेच' असे सांगून तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

दोष पेट्रोलचा आहे की स्पार्कचा, हे निश्चित ठरवण्याची रीत कोणी सांगेल का? माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. आणि हे सगळे काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणेच योग्य ठरेल का?

घाटमाथा (कोल्हापूर)

पस्तीस वर्षे ऑटो इलेक्ट्रिकचे काम केले आणि त्यातली बरीच वर्षे फियाट आणि पद्मिनी यांच्याच बॉनेटखाली गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या ओल्या फडक्याच्या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही, कारण फडके ठेवल्यावर वीस मिनिटे जातात आणि त्या वीस मिनिटांत पंपाबरोबर कॉइल, कंडेन्सर, डेल्को असे सगळेच थंड होते. फडके नसते तरी गाडी तेवढ्याच वेळाने सुरू झाली असती. पुढच्या वेळी पंपाला हात लावू नका आणि फडके फक्त कॉइलवर ठेवा. परंतु त्याआधी, गाडी बंद पडलेली असतानाच, काही तपासण्या करायच्या आहेत. गॅरेजमध्ये थंड गाडीवर केलेली तपासणी या दोषात निरुपयोगी आहे, आणि दोन मेकॅनिक चुकले ते इथेच, असे मला वाटते.

बरोबर मल्टिमीटर, बारा व्होल्टचा पाच वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून, आणि एक जुना प्लग ठेवा. जुन्या प्लगची बाजूची पट्टी वाकवून काढून टाका, म्हणजे मधल्या इलेक्ट्रोडपासून कडेच्या धातूपर्यंत ठिणगीला साधारण चार-पाच मिलिमीटरची उडी मारावी लागेल. अंतर मुद्दाम जास्त ठेवायचे असते. नेहमीचा प्लग काढून इंजिनवर टेकवला आणि ठिणगी दिसली, की लोक कॉइल चांगली आहे असे समजतात. पण उघड्या हवेत ०.६ मिलिमीटरची फट ओलांडायला फार कमी व्होल्टेज पुरते. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले गेल्यावर त्याच फटीसाठी कित्येक पट व्होल्टेज लागते. मरायला टेकलेली कॉइलसुद्धा बाहेर सुंदर ठिणगी दाखवते आणि आत हार मानते.

गाडी बंद पडली, की आधी एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने हलवा. पेट्रोलची धार उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे, आणि वाफेची शंका जवळजवळ संपते. ही तपासणी झाल्यावर एअर क्लीनर परत बसवा आणि मगच स्पार्कचे काम करा. उघडे पेट्रोल आणि ठिणगी एकाच वेळी नको.

नंतर बल्बची एक वायर कॉइलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. बल्ब उघडझाप करत असेल तर कॉइलपर्यंत करंट येत आहे आणि पॉइंट उघडमिट करत आहेत. सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा डेल्कोत जाणारी वायर आतून तुटली आहे. अजिबात पेटला नाही तर एक तर कॉइलला करंटच येत नाही, नाही तर पॉइंट किंवा कंडेन्सर बॉडीला शॉर्ट आहे. इथे मल्टिमीटर वापरू नका. पॉइंट उघडताना या टर्मिनलवर क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट उसळतात, आकडे नाचतात आणि मीटर खराब होण्याची भीती असते.

बल्ब उघडझाप करत असेल, तर डेल्कोच्या कॅपमधली मधली वायर काढून तिला तो जुना प्लग लावा, प्लगची बॉडी इंजिनला पक्की बांधा आणि हात दूर ठेवून स्टार्टर मारा. निळी, 'टक टक' आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक, मधूनच येणारी असेल किंवा येतच नसेल, तर चावी बंद करून कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढा आणि गरम असतानाच तिचा प्रायमरी रेझिस्टन्स, म्हणजे त्या दोन बारीक टर्मिनलांमधला, मोजा. त्यानंतरच फडके ओले करून फक्त कॉइलवर पाच मिनिटे ठेवा, टर्मिनलांवर पाणी जाऊ देऊ नका, आणि ठिणगी पुन्हा पाहा.

साध्या मीटरने एक-दोन ओहम मोजताना त्याच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्सही आकड्यात मिसळतो. आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो लिहून ठेवा आणि मापातून वजा करा. तुमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे ठरणार आहे, असे मला पॉइंट जळण्यावरून वाटते. अधिक आताच बोलत नाही. आकडे येऊ द्या.

मांडवीकर (पणजी)

घाटमाथा यांनी सांगितलेल्या क्रमाला पूर्ण दुजोरा. एकच जोड देतो. कॉइल तपासताना तिच्या वरच्या काळ्या बॅकेलाइटच्या मानेकडे नीट पाहा. मधल्या वायरीच्या भोकापासून बाजूच्या टर्मिनलपर्यंत केसासारखी काळी रेघ गेलेली असेल, किंवा मानेच्या जोडातून तेल पाझरून धूळ चिकटली असेल, तर ती कॉइल कितीही नवी असली तरी बाद समजावी. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेने ही रेघ लवकर उमटते, आणि एकदा उमटली की ती कार्बनची असल्यामुळे कितीही पुसली तरी ठिणगी पुन्हा त्याच वाटेने पळते.

कोयनाकाठ (कराड)

आपणा दोघांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी मुद्दाम सगळे साहित्य घेऊन चिपळूणपर्यंत गेलो आणि माझ्या चुलतभावाला स्टार्टर मारायला बरोबर ठेवले. पोफळीच्या वर साधारण साडेतीन किलोमीटरवर गाडी नेहमीप्रमाणे बंद पडली. आयुष्यात पहिल्यांदाच गाडी बंद पडल्याचे मला बरे वाटले.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची धार स्वच्छ उडत होती. एअर क्लीनर परत बसवून बल्ब लावला, तो स्टार्टरबरोबर नियमित उघडझाप करत होता. जुन्या प्लगवर मात्र चार-पाच फेऱ्यांत एखादी पिवळसर ठिणगी दिसे, तीही फट ओलांडण्याऐवजी मधूनच विझल्यासारखी. चावी बंद करून वायरी सोडवल्या आणि मोजले: मीटरवर २.३ ओहम, आणि टोके टेकवल्यावर ०.३, म्हणजे खरे २.० ओहम. मग फडके ओले करून कॉइलवर ठेवले तेव्हा तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज आला. पाच मिनिटांनी त्याच प्लगवर निळी, ठसठशीत ठिणगी आली आणि गाडी लगेच सुरू झाली. पंपाला मी बोटही लावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर पुन्हा मोजले तर मीटरवर १.९, म्हणजे वजा जाता १.६ ओहम आले. मधल्या भोकापासून बाजूच्या टर्मिनलपर्यंत सेकंडरी (मोठ्या व्होल्टेजची तार) ८.२ किलोओहम आहे. मानेवर काळी रेघ दिसली नाही, पण खालच्या जोडाशी तेलकट ओलावा आहे.

यावरून कॉइल दोषी आहे असे समजायचे का? आणि ती नवी असूनही का बिघडली, हे कळले तर बरे होईल, कारण पुन्हा तशीच आणून बसवली तर पुन्हा तेच होईल.

घाटमाथा (कोल्हापूर)

तुमचा शेवटचा प्रश्नच या सगळ्यात महत्त्वाचा आहे. कॉइल बिघडली आहे हे खरे, पण ती या गाडीची कॉइलच नाही.

पॉइंटच्या गाड्यांसाठी बारा व्होल्टच्या दोन प्रकारच्या कॉइल बाजारात असतात आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. एका प्रकारात प्रायमरी साधारण ३ ओहमची असते आणि ती थेट बारा व्होल्टवर चालते. दुसऱ्या प्रकारात प्रायमरी साधारण दीड ओहमची असते, आणि तिच्या वाटेत बाहेरून आणखी साधारण दीड ओहमचा रेझिस्टर जोडायचा असतो. स्टार्टर मारताना बॅटरी नऊ-दहा व्होल्टपर्यंत खाली येते, तेव्हा तो रेझिस्टर बाजूला सारून कॉइलला थेट करंट देण्याची सोय अशा गाडीत केलेली असते, म्हणजे सुरू होताना ठिणगी जोरात मिळते; इंजिन सुरू झाले की रेझिस्टर पुन्हा वाटेत येतो आणि कॉइलला जपतो. तुमच्या गाडीत हा रेझिस्टर नाही, आणि वर्कशॉपवाल्याने जवळ होती ती दुसऱ्या प्रकारची कॉइल बसवून दिली. गाडी लगेच सुरू झाली असणार, उलट आधीपेक्षा चुणचुणीत वाटली असणार, म्हणून कोणाला शंका आली नाही.

आता हिशेब पाहा. पॉइंट मिटलेले असताना १२.६ व्होल्टला १.६ ओहमने भागले की जवळजवळ ८ अँपिअर येतात. योग्य कॉइल असती तर ते ४ च्या आसपास राहिले असते, आणि पॉइंटही तेवढ्याच करंटचे असतात. दुप्पट करंट तोडताना पॉइंटवर दर वेळी मोठी ठिणगी पडते, म्हणून हजार किलोमीटरमध्ये ते जळत होते. तुम्ही तीन कंडेन्सर बदललेत. त्यात कंडेन्सरचा दोष नव्हता. उष्णता तर याहून वाईट. चावी चालू आणि इंजिन बंद अशा स्थितीत पॉइंट मिटलेले राहिले, तर या कॉइलमध्ये जवळजवळ १०० वॅटची उष्णता तयार होते, म्हणजे हेडलाइटचे जवळजवळ दोन बल्ब तेलाच्या डब्यात बुडवून ठेवल्यासारखेच. वडील गाडीत बसून चावी चालू ठेवून रेडिओ ऐकत असतील, तर कृपया ते थांबवा. योग्य कॉइल बसवल्यावरसुद्धा.

घाटातच का, याचेही उत्तर यातच आहे. चढावर इंजिन सावकाश फिरते, त्यामुळे पॉइंट प्रत्येक वेळी जास्त काळ मिटलेले राहतात आणि कॉइलला पूर्ण करंट भरून घ्यायला वेळ मिळतो. बॉनेटमध्ये वारा कमी शिरतो. आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असल्यामुळे सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते, दाब वाढतो आणि प्लगला ठिणगीसाठी सर्वांत जास्त व्होल्टेज तेव्हाच लागते. कॉइल सर्वांत अशक्त असते त्याच क्षणी तिच्याकडे सर्वांत मोठी मागणी येते. साताऱ्याच्या सिग्नलवर एप्रिलमध्ये यातल्या पहिल्या दोन गोष्टी जुळून आल्या होत्या.

कॉइल काढून तिच्या पट्ट्याखाली झाकलेला भाग पाहा. पुष्कळदा तिथे बाह्य रेझिस्टर लावण्याची सूचना छापलेली असते.

उपाय दोन आहेत: वाटेत दीड ओहमचा रेझिस्टर घालणे, किंवा ३ ओहमची योग्य कॉइल आणणे. तुम्ही दुसराच करा. या कॉइलच्या आतील इन्सुलेशन दोन वर्षे तापून कमकुवत झाले आहे आणि तेलही पाझरू लागले आहे. रेझिस्टर घालून ती वाचणार नाही. दुकानात मीटर घेऊन जा, वायरींचा आकडा वजा करून काउंटरवरच मोजा, आणि ३ ते साडेतीन ओहमच्या दरम्यान भरली तरच पैसे द्या. बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला असल्यामुळे कॉइलचे वजा चिन्हाचे टर्मिनल डेल्कोकडे गेले पाहिजे. उलटे लावले तरी गाडी चालते, पण प्लगच्या गरम मधल्या इलेक्ट्रोडकडून इलेक्ट्रॉन निघणे सोपे असते, ती सोय जाते आणि ठिणगीला विनाकारण जास्त व्होल्टेज लागते.

अभियंता_पुणे

घाटमाथा यांच्या निदानाला आपल्याच मापांत आणखी एक पुरावा आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सकाळचे १.६ ओहम घाटात २.० झाले, म्हणजे २५ टक्के वाढ झाली, म्हणजे तार सकाळच्या तापमानापेक्षा सुमारे ६४ अंशांनी अधिक तापली होती. सकाळी २६-२८ अंश धरले तर आतील तापमान नव्वदच्या पुढे जाते. कॉइलची तार ही स्वतःच तिचा थर्मामीटर आहे, फक्त दोन्ही मापे एकाच मीटरने घेतलेली हवीत.

दुसरे असे, की तुमचे सेकंडरीचे ८.२ किलोओहम हे माप सर्वसाधारण आहे, आणि तरीही ती कॉइल सदोष होती. मीटर जेमतेम एखाद-दोन व्होल्ट लावून मोजतो. तारेच्या थरांमधले इन्सुलेशन गरम असताना काही हजार व्होल्टचा ताण आला की कोसळते, ते त्याला दिसणे शक्यच नाही. रेझिस्टन्स बरोबर नसेल तर कॉइल वाईट, हे म्हणता येते. रेझिस्टन्स बरोबर आहे म्हणून कॉइल चांगली, असे म्हणता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक किटबद्दल: पॉइंट झिजत नाहीत, गॅप (पॉइंट उघडल्यावरची फट) बदलत नाही, म्हणून टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण) स्थिर राहते, हे फायदे खरे आहेत. पण चुकीची कॉइल तशीच ठेवून किट बसवले असते, तर आठ अँपिअरने कदाचित किटचे मॉड्यूलच गेले असते आणि दोष किटवर आला असता. किट घेताना त्याला कमीत कमी किती ओहमची कॉइल चालते ते पाहणे आवश्यक आहे. शिवाय मॉड्यूल रस्त्यात गेले तर काहीच करता येत नाही, पॉइंट मात्र पॉलिश पेपरने घासून घरी पोहोचता येते. माझे मत असे, की आधी मूळ व्यवस्था नीट करावी, सहा महिने चालवावी आणि मग ठरवावे. काढलेले पॉइंट आणि त्यांची पाटी मात्र डिकीत ठेवून द्यावी.

मांडवीकर (पणजी)

योग्य कॉइल मिळवण्याविषयी एक सावधगिरी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर त्यांचे सुटे भाग कुठेही आणि अस्सल मिळत. गाडीचे उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षे झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तेव्हापासून दुकानदार 'पद्मिनीचीच आहे' असे सांगून जे देतील ते तपासून घेण्यावाचून गत्यंतर नाही. कंडेन्सरचे तर मला विशेष वाईट अनुभव आहेत. तुमच्या तीनपैकी जो आता चालत आहे तो बदलू नका. मीटरमध्ये कपॅसिटन्स मोजण्याची सोय असेल तर तो ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरॅडच्या आसपास भरतो का पाहा, आणि बाकीचे दोन मोजून चांगला असेल तो जवळ ठेवा.

नवे पॉइंट बसवताना दोन्ही तोंडांवरचा गंजरोधक तेलाचा थर पेट्रोलने पुसून घ्या. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून थोडी थोडी पुढे ढकलत कॅमचे टोक बरोबर पॉइंटच्या टाचेखाली आणा आणि फिलर गेजने गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवा. टाच ज्या कॅमवर घासते तिथे ग्रीसचा अगदी बारीक ठिपका द्या; जास्त झाला तर उडून पॉइंटवर जातो आणि पुन्हा जळण्याची तक्रार सुरू होते. गॅप बदलला की टायमिंगही सरकते, म्हणून आधी गॅप आणि मग टायमिंग, हा क्रम उलटा करू नये.

कोयनाकाठ (कराड)

आज दीड महिन्यानंतर लिहीत आहे, कारण पुरेसे चालवून पाहिल्याशिवाय लिहिणे मला योग्य वाटले नाही.

जुनी कॉइल काढली. पट्ट्याखाली, रंग न उडालेल्या भागावर, ती बाह्य रेझिस्टरसह वापरावी असे बारीक इंग्रजी अक्षरांत स्पष्ट छापलेले निघाले. दोन वर्षे ती ओळ तिथेच होती आणि पट्टा नेमका तिच्यावर आवळलेला होता. वडिलांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि काही बोलले नाहीत, फक्त पुसून परत माझ्या हातात दिली.

नव्या कॉइलसाठी तीन दुकाने फिरलो. पहिल्या दुकानात 'पद्मिनीची' म्हणून दिलेली कॉइल १.५ ओहमची निघाली, म्हणजे मीटर सोबत नेला नसता तर मी तीच चूक पुन्हा विकत घेतली असती. तिसऱ्या दुकानात ३.२ ओहमची मिळाली. पॉइंट नवे घातले, गॅप ०.४५ ठेवला आणि टायमिंग लावून घेतले. पॉइंट मिटलेले असताना पॉइंटच्या वायरीपासून बॉडीपर्यंत व्होल्टेज मोजले, ते ०.१ च्या आत आहे.

पहिल्याच फेरीत कुंभार्ली घाट न थांबता चढलो. वर पोहोचल्यावर बॉनेट उघडून कॉइलवर हात ठेवला. ती चांगली कोमट होती, पण हात निवांत ठेवता येत होता. तरीही पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर, तिसऱ्या गिअरमध्ये, मधूनच एखादी मिसिंग जाणवत होती. मांडवीकर यांनी लिहिलेली काळी रेघ आठवून त्या रात्री अंगणातला दिवा घालवला, बॉनेट उघडले आणि इंजिन चालू ठेवून पाहिले. डेल्कोच्या कॅपवर तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीच्या मुळापासून कॅपच्या क्लिपपर्यंत एक निळा धागा थरथरताना दिसला. दिवसा तीच कॅप मी दोनदा पुसली होती आणि मला काहीच दिसले नव्हते. नवी कॅप आणि रोटर (कॅपच्या आत फिरून ठिणगी वाटणारा भाग) घातला, १-३-४-२ च्या क्रमाने वायरी बसवल्या, आणि मिसिंग पूर्ण थांबली. ही चीर बहुधा त्या जुन्या कॉइलच्या काळापासूनच असावी, मोठ्या दोषाखाली ती झाकली गेली होती.

घाटमाथा (कोल्हापूर)

वाचून फार समाधान वाटले. काढलेला रोटरही एकदा तपासून ठेवा, चांगला असेल तर जवळ राहू द्या. कॅप काढून कॉइलची मधली वायर रोटरच्या मधल्या पितळी पट्टीपासून पाच मिलिमीटरवर इन्सुलेटेड पक्कडीने धरायची, चावी चालू करून पॉइंट लाकडी काडीने उघडमिट करायचे. रोटरकडे ठिणगी उडाली, तर तो आतून खालच्या शाफ्टला फुटला आहे; नाही उडाली, तर तो चांगला आहे. हे झाले की चावी लगेच बंद करा.

कोयनाकाठ (कराड)

तपासला, ठिणगी उडाली नाही, म्हणून जुना रोटर कागदात गुंडाळून डिकीत ठेवला आहे. पॉइंट काल अठराशे किलोमीटरनंतर काढून पाहिले: दोन्ही तोंडे करडी आणि सपाट आहेत, एका बाजूला खड्डा किंवा दुसऱ्या बाजूला उंचवटा नाही, आणि गॅप ०.४३ भरला. गेल्या आठवड्यात पीयूसीही पहिल्या प्रयत्नात झाले. मागच्या वेळी न जळालेल्या पेट्रोलमुळे हायड्रोकार्बनचे आकडे वर गेले होते आणि मी पुन्हा कार्ब्युरेटरच्याच मागे लागलो होतो.

जुनी कॉइल भंगारात दिली तर कोणीतरी पुसून दुसऱ्या गाडीला लावेल, अशी शंका वडिलांना आली. म्हणून त्यांनी स्वतः तिच्यावर लाल ऑइलपेंटने 'रेझिस्टरशिवाय लावू नये' असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिले, आणि ती आता गॅरेजच्या फळीवर ठेवली आहे.